मदत हवी आहे: वडिलांसोबत साताऱ्याहून लेह, दोन मोटरसायकली, जून की ऑगस्ट?

नमस्कार मंडळी,

राहायला साताऱ्यात. यंदा वडिलांना घेऊन मोटरसायकलने लेहला जायचं घाटतंय. जुने धागे चाळले, पण बहुतेक पंचविशीतल्या पोरांचे आहेत. आमचं प्रकरण जरा वेगळं आहे म्हणून नवीन धागा काढतोय.

आप्पा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. वय एकसष्ट. पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली हे घाट त्यांनी भर पावसात, रात्रीच्या गाडीला, भरल्या बसनिशी काढलेत. त्यामुळे घाट कसा चालवायचा हे मी त्यांना सांगायच्या भानगडीत पडत नाही. "चढायला जो गिअर लागतो तोच उतरायला" एवढं म्हणून ते विषय संपवतात. पसरणी उतरून वाईत चहाला थांबलो की ते गाडी स्टँडला लावतात, मागच्या ड्रमजवळ तळहात नेतात आणि गरम लागला की नुसते माझ्याकडे बघतात. मी ब्रेक जास्त वापरला हे त्यांना तेवढ्यावर कळतं.

तेव्हा प्रश्न चालवण्याचा नाही, उंचीचा आहे. आमचं कास बाराशे मीटर, महाबळेश्वर साडेतेराशे. आम्हाला उंच म्हणजे तेवढंच माहीत. लेह शहरच साडेतीन हजारावर, मनालीच्या वाटेवरची टांगलांगला खिंड ५,३२८ मीटर आणि खर्दुंगला ५,३५९. आप्पांना बीपी आहे. सकाळी एक गोळी, बरीच वर्षं आटोक्यात. रोज पहाटे चार भिंतीच्या टेकडीपर्यंत चढून येतात, दम लागत नाही. आईचं म्हणणं, "चार भिंतीवर दम लागत नाही म्हणून हिमालयात लागणार नाही, हे कुणी सांगितलं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गाड्या दोन. माझी पल्सर १५०, २०१६ची, कार्ब्युरेटरवाली. आप्पांसाठी मेहुण्याची क्लासिक ३५०, २०२२ची. आरसी अर्थातच मेहुण्याच्या नावावर. ती तिकडे चालेल ना?

आता तारखांचं त्रांगडं. यंदा अधिक महिना आल्याने गणपती सप्टेंबरच्या मध्यावर गेलेत. गणपतीला दोघेही घरात पाहिजेत, ही आईची अट. म्हणजे ऑगस्टच्या वीस-बावीसला निघून गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत परत. दुसरा पर्याय जूनचा, पण कोरेगावकडे थोडी जमीन आहे, सोयाबीन पेरायचं असतं, आणि पेरणी टाकून आप्पा जागचे हलत नाहीत.

रस्ता मनालीकडून जायचा की श्रीनगरकडून? सगळे मनाली मनाली करतात. साताऱ्याहून चालवतच निघावं की गाड्या रेल्वेत घालाव्यात? पेट्रोलचे कॅन किती? आणि मुख्य म्हणजे एकसष्टीच्या माणसाला बीपी असताना न्यावं की नाही, हे कुणी जाणकाराने स्पष्ट सांगावं. "काही होत नाही हो, बिनधास्त जा" असले प्रतिसाद कृपया नकोत, ते घरबसल्या भरपूर मिळतात.

माणदेशी यांचा प्रतिसाद:

आधी रस्त्याचं. जाताना श्रीनगर, येताना मनाली. याला आमच्यात दुसरं मत नाही.

कारण मुक्कामाच्या उंचीत आहे. खिंड कितीही उंच असू द्या, तुम्ही ती अर्ध्या तासात ओलांडता. शरीराला त्रास होतो तो रात्र कुठे काढली त्याचा. मनाली दोन हजार मीटर, जिस्पा बत्तीसशे, आणि तिथून पुढे बहुतेक लोक सरचूला तंबूत झोपतात, ते सुमारे ४,२९०. एका दिवसात झोपायची जागा हजार मीटरने वर. रात्रभर डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि सकाळी त्याच अवस्थेत लाचुंगला, टांगलांगला चढायचे. उलट श्रीनगर सोळाशेच्या आत, झोजिला ३,५२८ला ओलांडून कारगिलला पुन्हा सत्तावीसशेच्या आसपास झोपायला खाली, मग फोटूला ४,१०८ करून लेह. चढउतार होत होत शरीर तयार होतं. आठवडाभर लेहमध्ये मुरलात की येताना तोच सरचूचा मुक्काम बहुतेकांना सोसतो.

आता तारखा. ऑगस्टअखेर मी तरी जाणार नाही. लडाख पर्जन्यछायेत आहे, आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला धो धो आणि माणमध्ये ढगांकडे बघत बसायचं, तसंच. पण लडाखला पोहोचायला आणि परतायला कुलू-मंडी किंवा रामबनचा पट्टा लागतोच, आणि तिथे ऑगस्टमध्ये दरडी येतात. रस्ता दोन-तीन दिवस बंद झाला आणि तिकडे गणपती तोंडावर आला की माणूस नको तिथे घाई करतो. डोंगरात परतीची तारीख ठरवून जाऊच नये.

त्यापेक्षा जूनच्या पहिल्या तीन-चार दिवसांत निघा. हिमाचलात मान्सून साधारण २० ते २५ जूनच्या सुमारास पोहोचतो, त्याआधी मनाली गाठायची. अमरनाथ यात्राही तेव्हा सुरू झालेली नसते, म्हणजे सोनमर्गच्या रस्त्यावर ती गर्दी आणि बंदोबस्त नाही. आणि पेरणीचं म्हणाल तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये असं कृषी खातंच सांगतं. कोरेगावच्या बाजूला तेवढी ओल व्हायला जूनचा तिसरा-चौथा आठवडा सहज उजाडतो. आप्पा वाफशाला, म्हणजे जमीन पेरणीजोगी होईल तेव्हा, घरी येतील.

जूनचा तोटाही सांगतो. मनालीच्या वाटेवर बारालाचा खिंडीत बर्फाच्या भिंती असतात आणि ओढ्यांना पाणी जास्त. हे पाणी वितळलेल्या बर्फाचं, त्यामुळे सकाळी कमी आणि दुपारनंतर फुगतं. जिथे मोठे ओढे आहेत तो टप्पा सकाळी दहाच्या आत काढायचा. पायात महागडे रायडिंग बूट नकोत. आपल्याकडे भातलावणीला घालतात ते गमबूट घ्या, पाणी आत जात नाही आणि किंमतही परवडते.

मैदानातून चालवत जाऊ नका. जूनमध्ये राजस्थान-हरियाणात ४४-४५ अंश असतं, त्यात एकसष्टीच्या माणसाला भाजून काढण्यात काय पुरुषार्थ? शिवाय नवीन दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, म्हणजे ट्रकांच्या गर्दीतून जुना रस्ता. पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट जम्मूला जाते, त्यात गाड्या चढवा.

मिरज जंक्शन

मी फिजिशियन आहे, मिरजेत. इथून औषधोपचार करत नाही, पण तुम्ही स्पष्ट विचारलंय म्हणून स्पष्ट लिहितो.

आटोक्यातला बीपी आणि एकसष्ट वय, एवढ्यावरून "जाऊ नका" म्हणता येत नाही. मात्र निघायच्या किमान महिनाभर आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढा, गरज वाटल्यास ते ट्रेडमिल चाचणी सांगतील. छातीत दुखणं, चालताना धाप असा काही इतिहास निघाला तर विषय तिथेच थांबवा. उंचीवर पहिले काही दिवस बीपी वाढतो. घरचं यंत्र सोबत ठेवा आणि सकाळची गोळी प्रवासाच्या गडबडीत चुकवू नका.

तुमच्या आईंचा मुद्दा अगदी बरोबर आहे. उंचीचा त्रास दमावर किंवा तब्येतीवर अवलंबून नसतो. रोज जिमला जाणारी पोरं आडवी होतात आणि त्यांचे वडील चहा पीत बसलेले असतात. तेव्हा आप्पांइतकंच स्वतःकडेही लक्ष द्या. नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही. कारगिलहून लेह हा टप्पा यात बसत नाही, म्हणून लेहमध्ये पहिले दोन दिवस सक्तीची विश्रांती. बाजारात चालत जाऊन या, बस. तिसऱ्या दिवशी खर्दुंगला करायला हरकत नाही, कारण पलीकडे नुब्रात दिस्कीट लेहपेक्षा खाली आहे, झोपायला चांगलं. पँगाँग सव्वाचार हजारांच्या आसपास, ते त्यानंतर.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास टाळायच्या गोळीबद्दल, विचारणारच म्हणून सांगतो. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून, असं देतात. पण सल्फाची ॲलर्जी असेल तर ती तशीच घ्यायची नाही. आणि बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध आधीच असतं, डायमॉक्सही तेच करते. दोन्ही मिळून शरीरातलं पोटॅशियम घसरू शकतं. म्हणून दुकानातून परस्पर आणू नका.

डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, अन्नावर वासना नाही, चक्कर, झोप नाही, असं झालं तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत सरळ रेषेत चालता येईना, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं, आणि स्वतः गाडी चालवत नाही, टॅक्सीने. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय आहे, तिथे असे रुग्ण रोजचे आहेत.

ऑक्सिमीटर न्या, पण लेहला पहिल्या दिवशी नव्वदच्या खाली आकडा दिसला म्हणून हबकू नका, तिथे तो तसाच असतो. बाजारात मिळणारे छोटे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर थांबू नये. कापूर हुंगून रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. पुडी खिशात ठेवायची तर ठेवा, माझी ना नाही.

दोन चाकं

डॉक्टरांनी महत्त्वाचं सांगितलंच. मी गाडीचं बोलतो.

कार्ब्युरेटरवाली पल्सर जाते, काळजी नको. उंचीवर हवा विरळ होते पण कार्ब्युरेटर पेट्रोल तेवढंच सोडतो, त्यामुळे मिश्रण जड होतं, प्लग काळा पडतो, गाडी न्यूट्रलला बंद पडते. क्लासिक इंजेक्शनची आहे, ती मिश्रण आपलं आपण जुळवून घेते. ताकद मात्र दोघींचीही जाते, दर हजार मीटरला ढोबळ दहा टक्के धरा. टांगलांगलावर तुमच्या हाती निम्मं इंजिन असेल. निघण्यापूर्वी एअर फिल्टर नवा, दोन प्लग सोबत, आणि आयडलिंगचा स्क्रू स्वतः फिरवायला मिस्त्रीकडून शिकून घ्या. तिथे कार्ब्युरेटरमधला जेट बदलायच्या फंदात पडू नका, खाली आल्यावर पुन्हा तीच डोकेदुखी.

खरा घात क्लच प्लेटचा होतो. मनालीच्या वाटेवर गेटा लूप्सची एकवीस वळणं आहेत, त्यावर लोक अर्धा क्लच दाबून गाडी रेटतात आणि वर जळका वास येतो. पहिला गिअर टाका आणि क्लच सोडून द्या, गाडी चालली हळू तर चालू दे. तुमच्या आप्पांना हे सांगायची गरज नाही, तुम्हाला आहे असं ड्रमच्या गोष्टीवरून दिसतंय. क्लच वायर, ॲक्सिलेटर वायर, ट्यूब आणि चेनचं लॉक सोबत ठेवा.

पेट्रोलचा नुसता बाऊ केला जातो. येताना लेह किंवा कारूला टाक्या फुल करायच्या, पुढचा भरवशाचा पंप थेट टांडीला, मध्ये साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धरा. पल्सरची टाकी १५ लिटरची, पस्तीसचं ॲव्हरेज धरलं तरी सव्वापाचशे होतात. तिला कॅन नकोच. क्लासिकची १३ लिटर, तीस धरलं तर तीनशे नव्वद. ही जरा काठावर आहे. दोघांत मिळून पाच लिटरचा एक कॅन पुरे. बाकी लोक पाठीवर पेट्रोल पंप घेऊन फिरतात तसं करू नका.

आरसी: लेहमध्ये स्थानिकांचा आक्षेप बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्यांना असतो, आणि तो ते आरसीवरचं नाव बघूनच ठरवतात. मेहुण्याचं सहीचं संमतिपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत, विमा आणि पीयूसी एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मोबाईलचं आत्ताच बघा, कारण आपल्याकडचं प्रीपेड कार्ड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. दोघांपैकी निदान एकाचं पोस्टपेड करून घ्या.

रेल्वेचं: सातारा स्टेशनवर गाडी जेमतेम थांबते, तिथून मोटरसायकल चढवायच्या नादाला लागू नका, पुणेच बरं. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसे काढायचे, पोतं-गवत लावून बांधून घ्यायची. जम्मूला उतरल्यावर टाकी कोरडी असणार, पंपापर्यंत ढकलायची तयारी ठेवा.

आणि खर्दुंगलाच्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं दिसेल. खरी उंची १७,५८२. फोटो काढा, वाद घालू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात वाचून दाखवलं. आप्पांना वाफशाचा मुद्दा पटला, आईला डॉक्टरांचा. तेव्हा जूनचा पहिला आठवडा, पुणे ते जम्मू रेल्वे, जाताना श्रीनगर, येताना मनाली, असं धरून चाललोय. पेरणी लवकर आलीच तर चुलतभाऊ बघणार आहे. डॉक्टरांची वेळ पुढच्या सोमवारची घेतली आहे. ईसीजीचा निकाल येईपर्यंत रेल्वेचं तिकीट काढायचं नाही, ही आईची नवी अट, आणि ती मला मान्य आहे.

डॉक्टर, एक राहिलं: आप्पांच्या गोळीच्या पाकिटावर टेल्मीसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड असं लिहिलंय. तुम्ही म्हणालात ते लघवी वाढवणारं औषध हेच का?

मिरज जंक्शन

हो, हेच. सोमवारी पाकीटच सोबत न्या, आणि सोडियम-पोटॅशियम व क्रिएटिनिनची तपासणी करून घेऊ का, हे त्यांना आवर्जून विचारा. गोळी बदलायची झाली तर ती निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी बदललेली बरी, म्हणजे नव्या गोळीवर बीपी कसा राहतो ते साताऱ्यातच कळेल.