सेस्ना १७२ मध्ये चार माणसं आणि फुल टँक, थोडं ओव्हरवेट चालतं का?

रानपाखरू_फिनिक्स

नमस्कार मंडळी. मी फिनिक्सला असतो, गेल्या वर्षी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं, आत्तापर्यंत ९० तास झालेत. आई-बाबा साताऱ्याहून आलेत, जूनअखेर परत जातील, त्याआधी त्यांना विमानातून इथं ॲरिझोनातच असलेल्या सेडोनाला न्यायचंय. फ्लाइंग क्लबचं १७२ एस आहे, चार सीटचं छोटं विमान, फिनिक्सच्या डीअर व्हॅली एअरपोर्टवरून पाऊण तास लागतो.

हिशोब असा: रिकामं विमान १६९१ पौंड, कमाल टेकऑफ वजन २५५०, म्हणजे माणसं, सामान, फ्युएल सगळं मिळून ८५९ मध्ये बसवायचं. मी १८२, बायको १३८, बाबा १७४, आई १५२ (हे तिनं सांगितलेलं, काट्यावर उभी राहायला तयार नाही), पिशवी २५. झाले ६७१. क्लबवाले विमान नेहमी फुल टँक करून ठेवतात, वापरता येणारं ५३ गॅलन, गॅलनला ६ पौंड धरून ३१८. म्हणजे १३० पौंड जास्त होतंय. क्लबातले एक सीनियर म्हणाले पाच टक्के तर आहे, सगळेच नेतात, १७२ उडतंच, आणि अलास्कात तर १५ टक्के जास्त कायद्यानं चालतं. खरंच एवढं मनावर घ्यायचं का?

तांबडा_रस्सा

उडेल की. आमच्याकडं वडापच्या जीपमध्ये सोळा-सोळा बसतात, दोघं मागं लटकलेले, जाते ना जीप. खंबाटकीत दम लागला तर ड्रायव्हर पहिल्या गिअरवर घेतो, लईच झालं तर बाजूला लावून बॉनेट उघडतो आणि बिडी पेटवतो. तुझ्याकडं यातली कुठली सोय आहे तेवढं सांग 😀

जुना_ढग

"उडतंच" यातच सगळा घोळ आहे. मी इथं कोलोरॅडोत बरीच वर्षं शिकवतोय आणि हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकतो. डीअर व्हॅलीच्या लांब रनवेवरून तुझं विमान १३० पौंड जास्त घेऊनही उठेल, मी नाही म्हणत नाही. ढोबळ नियम असा की वजन १० टक्के वाढलं की टेकऑफला २० टक्के जास्त अंतर लागतं, म्हणजे तुला १० टक्के जास्त. स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो वेग, वजनाच्या वर्गमुळाच्या हिशोबानं वाढतो, म्हणजे अडीच टक्के, एक-दीड नॉट. नुसतं हे बघितलं तर सीनियर बरोबर वाटतात.

पण तू जातोयस सेडोनाला, आणि जूनमध्ये. एअरपोर्ट ४८३० फुटांवर. दुपारी ३५ डिग्री असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड ८४०० च्या आसपास जातो, म्हणजे विमानाला वाटतं आपण एवढ्या उंचीवरून टेकऑफ करतोय. तुझ्या इंजिनाला टर्बो नाही, १८० हॉर्सपॉवरमधली पाऊणच्या आसपास हाताला लागते. समुद्रसपाटीला १७२ एस मिनिटाला ७३० फूट चढतं, तिथं त्या दुपारी मॅन्युअलमधून साडेचारशेच्या आसपास निघतं, आणि तेही २५५० वजनाला, नव्या इंजिनानं, पंख चकचकीत असताना. २६८० चा रकाना मॅन्युअलमध्ये आहे का बघ. नाहीये. म्हणजे त्या दिवशी विमान किती पळेल, किती चढेल हे तुझ्याकडं कुठंच लिहिलेलं नाही, आणि टेस्ट पायलटच्या शेजारी बाबा बसलेत.

आणखी एक, सेडोनाचा रनवे टेकडीच्या माथ्यावर आहे, ५१३२ फूट लांब, दोन्ही टोकांना दरी. जड विमान जमिनीलगत असताना खालच्या हवेच्या गादीवर तरंगतं, पायलटला वाटतं उठलं, आणि जरा वर गेलं की चढायला ताकदच उरत नाही. सपाटीवर निदान पुढं शेत तरी असतं. तिथं रनवे संपला की पायाखाली काही नाही, शिवाय टोकाशी बऱ्याचदा हवा खाली खेचते. अशा वेळी नवीन माणूस नाक वर ओढतो आणि मग तो एक-दीड नॉट आठवतो.

पंखांचं पण बघ. नॉर्मल कॅटेगरीत ३.८ जीची, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भार झेलायची हमी आहे ती २५५० ला. २६८० केलंस की तीच ताकद ३.६ ला पुरते, आणि ॲरिझोनात दुपारी बारानंतर थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर उसळणारे झोत, कसे हाणतात ते तुला माहितीय.

ढगाआड

जुना_ढग, शायेनची केस पण सांगा ना त्याला.

जुना_ढग

हो, तीच सांगणार होतो. ११ एप्रिल १९९६, वायोमिंगमधलं शायेन, एअरपोर्ट ६१५६ फुटांवर. सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि इन्स्ट्रक्टर, सेस्ना १७७ बी, अमेरिका पार करायला निघालेले, पेपरवाले मागं लागलेले. पावसात, वादळ अंगावर येत असताना टेकऑफ केलं आणि लगेच स्टॉल होऊन पडलं, तिघंही गेले. चौकशीत विमान ओव्हरवेट निघालं. किती? ९६ पौंड. तुझ्यापेक्षा कमी. इन्स्ट्रक्टर कॅलिफोर्नियातल्या समुद्राकाठचा, इतक्या उंचीची सवय नसलेला. नुसत्या ९६ पौंडांनी पाडलं नाही, हवामान होतं, उंची होती, घाई होती. पण वाईट दिवसासाठी जी शिल्लक ठेवलेली असते ती वजनानं आधीच खाऊन टाकली होती.

ऊसपट्टा

मी महाराष्ट्रातच एका फ्लाइंग स्कूलला होतो, नाव नको. सेस्ना १५२ होतं, दोन सीटचं, कमाल १६७० पौंड. मी ८८ किलो, आमचे सर ९७, आणि लोड अँड ट्रिम शीटवर, म्हणजे वजनाच्या हिशोबाच्या कागदावर, दोघंही ७५! सगळ्यांचं ७५च लिहायचे, तारीख बदलायची आणि सही ठोकायची. मे महिना, दुपारी दोन, फुल टँक. नंतर रूमवर बसून खरं गणित केलं तर फक्त ३५ पौंड जास्त निघालं, म्हणजे १६ किलो, एक गॅसची टाकी पण नाही. पण रनवेच्या टोकाला पाटाकडेची एक बाभूळ होती, रोज ती खाली कुठंतरी दिसायची, त्या दिवशी मला तिचे काटे दिसले. सर एरवी अखंड बोलायचे, ते गप्प. उतरल्यावर म्हणाले चहा घेऊ. दुसऱ्या दिवशी टँक अर्धी, आम्ही कुणी काही विचारलं नाही.

फेरीवाला

अलास्काचं अर्धवट सांगितलंय तुमच्या सीनियरांनी. ती सवलत तिथल्या ठराविक ऑपरेटर्सना आणि जुन्या नियमांखाली सर्टिफाय झालेल्या काही विमानांना आहे, ॲरिझोनातल्या क्लबच्या १७२ ला नाही. ओव्हरवेट फेरी फ्लाइट (नुसतं विमान एका जागेहून दुसरीकडं पोचवणं) पण होतात, कॅलिफोर्नियाहून हवाईला जादा टाक्या टाकून नेतात, पण त्याला स्पेशल परमिट लागतं आणि आत पॅसेंजर नसतो. बाकी मॅन्युअलची मर्यादा मोडणं बेकायदा आहेच, काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिला कागद वजनाचाच मागतील.

रानपाखरू_फिनिक्स

बापरे, बाभळीचे काटे डोक्यातून जाईनात. बरं मग फ्युएल कमी करून चौघं जाता येईल का?

जुना_ढग

येईल, पण तेही जपून, वजन कमी करायच्या नादात टाकी कोरडी पडायला नको. भरलेलं फ्युएल काढून घेणं कटकटीचं असतं, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच क्लबला सांग की फक्त टॅबपर्यंत, म्हणजे टाकीच्या तोंडातल्या खुणेच्या पट्टीपर्यंत, भरा. दोन्ही मिळून ३५ गॅलन होतात, म्हणजे २१०. जाऊन-येऊन १७-१८ लागतील, अर्ध्या तासाचं रिझर्व्ह धरलं तरी भरपूर उरतं. पण ६७१ अधिक २१० म्हणजे ८८१, अजून २२ जास्तच. पिशवी काढलीस तर जेमतेम बसतं. आणि आईचं वजन काट्यावर घे रे बाबा, सांगीवांगी नको. शिवाय सकाळी सहाला निघ, नऊच्या आत परत. जूनमध्ये ४२ डिग्रीला डीअर व्हॅलीच पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. सेडोनातून परत निघताना फ्युएल जळून पन्नासेक पौंड हलका असशील, पण त्याच्या जीवावर सकाळचं गणित जुळवू नकोस.

रानपाखरू_फिनिक्स

अपडेट. आईला शेवटी काट्यावर उभं केलं. १६१. ती म्हणते साडीचं वजन आहे. म्हणजे पिशवी काढूनही जमेना, विमान जमिनीवरून रनवेपर्यंत नेताना फ्युएल किती जळेल याचा हिशोब मांडून दोन-दोन पौंड वाचवायला लागलो, तेव्हा बायको वैतागून म्हणाली की मी पिशवी घेऊन गाडीनं येते, दोन तास तर लागतात, तिथं एअरपोर्टवरच नाष्टा करू. आता आम्ही तिघं ५१७, फ्युएल २१०, मर्यादेच्या १३२ पौंड खाली. शनिवारी पहाटेचं बुकिंग केलंय. बाबा पुढं, आई मागं, आणि आईनं आत्ताच विचारलं की परत येताना सुनेबरोबर गाडीत बसले तर चालेल ना.