मदत हवी आहे: पेस २०२१ सोडून ई-फुटबॉलकडे वळावे का?

कोनामी कंपनीचा पेस २०२१ हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम मी मुख्यतः त्यातल्या मास्टर लीग या प्रकारासाठी खेळतो. एकच संघ हाती घेऊन, खेळाडूंची खरेदी-विक्री करत, संगणकाविरुद्ध हंगामामागून हंगाम खेळण्यात मला जो आनंद मिळतो, तो ऑनलाइन सामन्यांत मिळत नाही. २०२१ मध्ये या मालिकेचे नाव ई-फुटबॉल झाले, खेळ ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या फॉक्स इंजिनाच्या जागी अनरिअल इंजिन आले आणि खेळ मोफत झाला (आतली खरेदी अर्थातच वेगळी). ज्यांनी दोन्ही खेळ पुरेसे खेळले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की चेंडूवरचा पहिला स्पर्श, पासचा वेग आणि बचावपटूंची जागा धरण्याची पद्धत यांत खरोखर फरक जाणवतो का. दृश्ये किती देखणी आहेत, हा माझ्यासाठी गौण प्रश्न आहे.