माउंटन बाइकसाठी पंप आणि मल्टीटूल

१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलेला छोटा पंप घेऊ का, असा प्रश्न पडला असेल. माउंटन बाइकसाठी नका घेऊ. आपल्या २.२ इंची टायरला साधारण २५ ते ३५ पीएसआय पुरतात. दाब कमी, पण हवा भरपूर लागते. रोड बाइकचे बारीक पंप एका दट्ट्यात चमचाभर हवा ढकलतात. उन्हात हात भरून येतात, टायर लिबलिबीतच. पाकिटावर ‘हाय व्हॉल्यूम’ लिहिलेला, जाडसर घ्या, आणि रबरी होज (नळी) असलेलाच. पंप थेट व्हॉल्व्हला लावला की प्रत्येक झटक्याला व्हॉल्व्ह हलतो. प्रेस्टा म्हणजे लांबट, निमुळत्या व्हॉल्व्हची बारीक पिन वाकते, नाहीतर ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते आणि तिथे पॅच बसत नाही.

मल्टीटूलमध्ये (एकातच अनेक अवजारं) ४, ५, ६ मिमीच्या ॲलन की म्हणजे षटकोनी चाव्या, डिस्क ब्रेकच्या चकतीसाठी (रोटर) टी-२५ ही चांदणीच्या आकाराची चावी आणि चेनची पिन काढणारा चेन ब्रेकर बघा. चेन ब्रेकर नसेल तर चेन तुटल्यावर नाशिकजवळच्या अंजनेरीहून सायकल ढकलत आणायची तयारी ठेवा! क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आपल्या स्पीडचीच, म्हणजे मागे जितके गिअर तितक्याचीच घ्या, १० ची ११ ला चालेल असं धरू नका.

पांडवलेणी, रामशेजकडे खरा त्रास बाभळीच्या काट्यांचा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. मोडलेलं टोक बाहेरून दिसत नाही, आत मात्र टोचतं. ते राहिलं तर नवी ट्यूबही थोड्याच वेळात पंक्चर होते. मल्टीटूलने ते निघत नाही, म्हणून पाउचमध्ये एक बारीक चिमटा टाकाच.