दिवाळी सरली, शिमगा आला, मानधन कुठाय? (आणि नोकरी सोडू का?)

बोरूबहाद्दर_बोरिवली

नमस्कार मंडळी. अंधेरीला एका जाहिरात एजन्सीत कॉपी लिहितो. साबण, फ्लॅट, म्युच्युअल फंड, जे समोर येईल ते. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी भाऊच्या धक्क्यावरच्या मासळीच्या लिलावावर मोठा लेख लिहिला. अंधारात हार्बरच्या गाडीने डॉकयार्ड रोडला उतरायचं, तिथून चालत धक्का. घरी परतलो की आई दारातच अडवायची, "आधी आंघोळ, मग चहा."

लेख छान छापून आला. ओळखीपाळखीच्यांचे फोन आले. एका सद्गृहस्थांनी तर माझं नाव काढून अख्खा लेख फेसबुकवर डकवला, तिथे त्यांना तीनशे लाइक. मानधन दोन हजार ठरलं होतं, "दिवाळी झाली की देतो." मग "जाहिरातींचे पैसे आले की." मग संक्रांत. आता होळी तोंडावर आली, बोंब मारायचीच बाकी आहे.

तरीही हेच काम करावंसं वाटतंय. पूर्णवेळ मासिकांसाठी लिहून मुंबईत राहता येतं का? करणाऱ्यांनी सांगा.

खडूस_पार्लेकर

नाही. पुढचा प्रश्न?

कांजूरची_काकू

पार्लेकरांचं उत्तर बरोबर आहे, पण अर्धं.

मी शाळेची नोकरी सोडून बरीच वर्षं मासिकं, पुरवण्या, दिवाळी अंक यांवर आहे. घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो, हे आधीच सांगते. जो फ्रीलान्सर हप्ता कोण भरतं ते सांगत नाही, त्याचा सल्ला घेऊ नका.

बोरूबहाद्दर, तुम्ही इतक्या पहाटे मोडून धक्का पाहिलात आणि दोन हजारांत एकदाच विकलात? मला एकदा जूनमध्ये ससून डॉकवर लिहायला सांगितलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, हे संपादकांच्या गावीच नव्हतं. लिलाव नाही, आरडाओरडा नाही. तरी गेले. बोटींवर ताडपत्र्या, इंजिनं खोलून ठेवलेली, आणि एक म्हातारे पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून फाटकी भोकं सांधत बसलेले. बोलताना वर बघत नव्हते, पण हात एकदाही थांबला नाही. तो बंद धक्का दिवाळी अंकाला गेला. ऑगस्टमध्ये पुन्हा गेले, तेव्हा बोटींत बर्फ भरायची घाई चालली होती. तो बर्फ रविवारच्या पुरवणीला. मासळी घेताना कल्ले कसे बघायचे, पोट दाबून काय कळतं, हे तिथल्या कोळणींनी शिकवलं, ते गेलं एका महिला मासिकाच्या पाककृतींच्या पानाला.

सगळ्यात जास्त पैसे कल्ल्यांचे मिळाले, आणि सगळ्यात आधी. जाळं सांधणाऱ्या म्हाताऱ्यांवर जीव ओतून लिहिलं होतं, त्याचे सगळ्यात उशिरा. या धंद्यात मान आणि धन सहसा एका लिफाफ्यात येत नाहीत.

दिवाळी अंकाचं पीक वर्षातून एकदा. विषय उन्हाळ्यात ठरतात, मजकूर गणपतीच्या आत द्यायचा, दसऱ्याच्या आसपास अंक बाजारात. त्यानंतर मार्चपर्यंत फोन वाजला तर तो क्रेडिट कार्डवालीचा. तेव्हा मी भाषांतरं करते, मुद्रितं तपासते, पतपेढ्यांच्या आणि सोसायट्यांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका लिहून देते. स्मरणिकेबद्दल साहित्यिक मंडळी नाकं मुरडतात, पण तिथे खजिनदार चेकबुक घेऊन बसलेला असतो.

आणि प्रूफ मागाच. तुम्ही युनिकोडमध्ये पाठवता, तिकडे डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये ओततो आणि रफार उडतात. माझ्या लेखात एकदा "बर्फ"चा सगळीकडे "बफ" झाला. वाचकांना वाटलं, कोळ्यांचा शब्द असेल.

दादरचा_छापखाना

मी छोटा दिवाळी अंक काढतो, त्यामुळे शिव्या खायला हजर.

पैसे अडकतात ते असे. जाहिराती बँका, पतपेढ्या, बिल्डर, नगरसेवक यांच्या. छापून आल्यावर बिल जातं आणि ते कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतं. विक्रेते विकलेल्या प्रतींचा हिशोब निवांत करतात, उरलेल्या परत पाठवतात. कागदवाल्याला मात्र आगाऊ लागतात, आणि छापखाना पैसे मिळाल्याशिवाय गठ्ठे सोडत नाही. लेखक गठ्ठा अडवू शकत नाही, म्हणून उधारी त्याच्या गळ्यात. १९०९च्या "मनोरंजन"पासूनची आपली थोर परंपरा वगैरे भाषण मीही दरवर्षी ठोकतो. कागदवाल्याला परंपरा चालत नाही.

गेली काही वर्षं मी मानधन आधी बाजूला काढतो आणि मग पानं ठरवतो. अंक एका फर्म्याने, म्हणजे एका कागदावर एकत्र छापतात तेवढ्या पानांनी, बारीक झाला, कोणी तक्रार केली नाही.

बोरूबहाद्दर, ३१ मार्चच्या आधी गाठा त्यांना. वर्षअखेर म्हणून जाहिरातदार बिलं चुकती करतात, तेव्हा गल्ल्यात थोडं असतं. फोन करू नका, ऑफिसात जाऊन बसा.

ठाण्याचे_वकील

दोन मुद्दे राहिले.

लेखाचा हक्क. तुम्ही त्या अंकाचे पगारी नोकर नाही, म्हणजे कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे लेख तुमचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि तुमच्या सहीने. आतल्या पानावर बारीक अक्षरांत "सर्व हक्क प्रकाशकाधीन" छापलं म्हणून हक्क जात नाही. सही केलीत पण मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात. उद्या या लेखांचं पुस्तक करायचं झालं तर हे कामाला येईल. फेसबुकवाल्या सद्गृहस्थांची तक्रार तिथेच करा, मजकूर उतरवता येतो.

दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. लहान सेवा पुरवठादार म्हणून नोंद असली तर २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याखाली समोरच्याला, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपेक्षा जास्त पैसे थांबवता येत नाहीत. थांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मात्र नोंदणी काम देण्याआधीची हवी, त्यामुळे गेल्या वर्षीच्या लेखाला तिचा आधार धरू नका. दोन हजारांसाठी कोणी दावा लावत नाही, हे मलाही कळतं. पण बिलावर उद्यम क्रमांक दिसला की अकाउंटंट जरा सरळ बसतो.

खडूस_पार्लेकर

बिल? दिवाळी अंकाला बिल पाठवणारा लेखक मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

कांजूरची_काकू

शाल घेऊन कांजूरला या. मी पाठवते. लेखासोबतच पाठवते, रक्कम आणि तारीख घालून. पहिल्यांदा एका संपादकांना राग आला होता, "आपलं नातं असं आहे का?" म्हणाले. पैसे मात्र वेळेवर आले.

बोरूबहाद्दर_बोरिवली

सगळ्यांचे आभार. नोकरी तूर्तास ठेवतो. परवा सुट्टी टाकून त्यांच्या ऑफिसात जाऊन बसतो. काकू, बर्फाचा विषय मी भाऊच्या धक्क्यावरून केला तर चालेल का?

कांजूरची_काकू

बर्फाला हात लावू नका, तो मला अजून दोन ठिकाणी विकायचाय. तुम्ही तिथूनच सुटणाऱ्या रेवसच्या लाँचा घ्या. कोण जातं, काय सामान नेतं, टपावर कोण बसतं, ते बघा. आणि परवा जाताना अंकाची प्रत, पॅनची झेरॉक्स आणि रद्द केलेला चेक बरोबर न्या. नाहीतर "तुमचे बँकेचे डिटेल्स नव्हते हो" ऐकून परत याल.