नीट-सीईटीच्या बायोलॉजीचा पाया: हायस्कूलमध्येच घालायचा, की पीयूला पाठ करून भागतं?

शहापूरचा_मास्तर
बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं मराठी हायस्कूलमधून एसएसएलसी म्हणजे दहावी करतात, पीयूला म्हणजे अकरावी-बारावीला सायन्स घेतात आणि दोन वर्षांत मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, नीटला बसतात. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 बायोलॉजीचे, 720 पैकी 360 गुण. निम्मी परीक्षा या एका विषयावर. तरीही घरोघरी ऐकू येतं ते हेच: "फिजिक्सची तयारी कर, बायोलॉजी काय, पाठ केलं की झालं." मला हे पटत नाही.

फर्स्ट पीयूच्या वर्गात विचारून बघा, फुप्फुसातून हृदयाकडे येणाऱ्या शिरेत कसलं रक्त असतं? "अशुद्ध," असं उत्तर येतं. खरं तर तिथे शुद्ध रक्त असतं. कारण सातवी-आठवीत 'धमनीत शुद्ध, शिरेत अशुद्ध' एवढंच घोकलेलं असतं. हृदयापासून नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर, ही साधी गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते. झाडं फक्त रात्रीच श्वसन करतात, असं मानणारी मुलं तर प्रत्येक बॅचला भेटतात. श्वसन चोवीस तास चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे ते झाकलं जातं, इतकंच.

यावर उपाय महाग नाही. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय आणा आणि उभं कापा. डावीकडच्या खालच्या कप्प्याची भिंत चांगली जाडजूड, दाबली तर घट्ट लागते. उजवीकडची त्यापेक्षा कितीतरी पातळ. असं का, हे मुलांनाच विचारा. उजव्या बाजूला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, डाव्या बाजूला डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत. हे ज्यानं हातानं चाचपलं, त्याला रक्ताभिसरणाची आकृती वेगळी पाठ करावी लागत नाही.

निपाणीकर
सर, आदर ठेवून विरोध करतो. माझ्या धाकट्या भावाची तयारी मी जवळून बघायलोय. 180 मिनिटांत 180 प्रश्न. फिजिक्सच्या गणितांना वेळ उरायचा असेल तर बायोलॉजी पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटांत उरकावं लागतं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. तिथे विचार करत बसलेला मुलगा मागे पडतो. एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ जशीच्या तशी डोक्यात असलेला पुढे जातो.

आता तंबाखूच्या मोझॅकचंच घ्या, आमच्या निपाणीच्याच पिकाचा रोग. त्याच्या विषाणूच्या शोधातली नावं: इवानोव्हस्की 1892, बायेरिंक 1898, स्टॅन्ली 1935. यात समजून घेण्यासारखं काय आहे? नावं आणि सालं पाठच करावी लागतात. गरीब घरातल्या मुलाला एका वर्षात सीट मिळाली नाही तर लाँग टर्मची, म्हणजे पुन्हा वर्षभराच्या क्लासची फी भरायला जमीन गहाण पडते. त्याला बकऱ्याचं हृदय दाखवण्यापेक्षा जुने पेपर सोडवायला लावा.

खानापूरची_लेक
निपाणीकर दादा, तुम्ही उदाहरण चुकीचं निवडलंत. मी खेड्यातल्या मराठी शाळेतून येऊन आता एमबीबीएस करते, म्हणून लिहिते.

ती तीन सालं म्हणजे एकाच शोधाच्या तीन पायऱ्या आहेत. इवानोव्हस्कीनं रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी रस रोग लावतच राहिला. म्हणजे कारण जिवाणूपेक्षा लहान. बायेरिंकनं त्या रसालाच संसर्गजन्य जिवंत द्रव म्हटलं. स्टॅन्लीनं त्याचे स्फटिक मिळवले. जिवंत पेशीचे कधी स्फटिक होतात का? हा क्रम एकदा कळला की जोड्या लावायच्या प्रश्नात नावं उलटसुलट होत नाहीत. घोकणाऱ्यांची नेमकी तिथेच गल्लत होते.

आणि तंबाखू पुढे बारावीच्या पुस्तकात पुन्हा येतो. मुळांना गाठी आणणारा सूत्रकृमी आणि त्याला रोखणारं आरएनए इंटरफेरन्स. झाड सूत्रकृमीच्याच जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए तयार करतं. तो कृमीत गेला की त्याचा संदेशवाहक आरएनए गप्प होतो, आणि कृमी जगत नाही. गाठी आलेलं मूळ शेतात उपटून बघितलेल्या मुलाला हा धडा परका वाटत नाही. आमच्या खानापूरचं भात सी-3 आणि चिकोडीकडचा ऊस सी-4, या प्रकाशसंश्लेषणाच्या दोन पद्धती, हेही तसंच. कडक उन्हात भाताचं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं आणि मेहनत वाया जाते. ऊस आपल्या पानाच्या रचनेमुळे ते टाळतो. हे कळायला वेळ लागतो, पण एकदाच लागतो.

चिकोडीचा_पालक
दोन्ही बाजू वाचल्या. पण खरी अडचण कुणी बोलत नाही. नीटचा मराठी पेपर फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो. बेळगावात बसणाऱ्या मुलाला इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड यांतलाच घ्यावा लागतो. मराठी हवा तर कोल्हापूरसारखं केंद्र निवडायचं. कर्नाटकाच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचा पेपर तर मराठीत नसतोच. मग हायस्कूलला मराठीत पाया घालून उपयोग काय? आठवीपासून सायन्स इंग्रजीतच शिकवा.

खानापूरची_लेक
काका, केंद्राचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि हा आपल्या मुलांवर अन्यायच आहे. पण जिला मराठीतही पेशी कळलेली नाही, तिला इंग्रजीत कशी कळेल? मी दहावीपर्यंत मराठीतच शिकले. पीयूला पहिले काही महिने इंग्रजीनं दमवलं, बायोलॉजीनं नाही.

निपाणीकर
ताई, तुमचं तंबाखूचं म्हणणं पटलं. तरी एक सांगा. ज्या हायस्कूलला विज्ञानाचा शिक्षकच नाही, मायक्रोस्कोप कपाटात कुलपात आहे, तिथे पाया घालणार कोण? असं बोलणं शहरातल्या शाळांना शोभतं.

शहापूरचा_मास्तर
प्रश्न रास्त आहे. शिक्षकांच्या रिकाम्या जागांसाठी शाळेच्या एसडीएमसी समितीनं आणि पालकांनी शिक्षण खात्याच्या मागे लागलंच पाहिजे. तोवर गावात बीएस्सी झालेली मुलं-मुली आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. आठवड्यातून एक शनिवार द्या. ऱ्हिओ नावाचं जांभळ्या पानांचं झाड कितीतरी अंगणांत असतं. पानाच्या खालच्या बाजूचा पातळ पापुद्रा काढायचा, काचेवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून ठेवायचा. कपाटातला मायक्रोस्कोप बाहेर काढायला एक अर्ज पुरतो. जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आत आकसतो, भित्तिका मात्र जागच्या जागी राहते. पेशीपटल वेगळं आणि पेशीभित्तिका वेगळी, पाणी कुठून कुठे गेलं, सगळं एका नजरेत. साधं पाणी टाकलं की बहुतेक पेशी पुन्हा भरतात. सीईटी असो वा नीट, परासरणावरचा, म्हणजे पेशीत पाणी आत-बाहेर जाण्यावरचा प्रश्न त्या मुलाला अडणार नाही.

निपाणीकर
आठवी ते दहावीसाठी हे मान्य. आमच्या वाड्यात एक बीएस्सी झालेली मुलगी आहे, तिला विचारतो. पण सेकंड पीयूच्या मुलाला जानेवारीनंतर यातलं काही सांगू नका, सर. त्याच्या हातात पुस्तक आणि जुने पेपरच राहू देत. यावर मी ठाम आहे.