अनुभव धागा: आपल्या हातून झालेला वर्णभेद, आणि मग काय केलंत?

नियम एकच. आपल्याशी कोण कसं वागलं ते इथं नको, ते आपण एरवी चवीनं सांगतोच. आपण केलं, किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं आणि आपलं फावलं, असं लिहा. पुढे काय केलंत तेही लिहा. काही केलं नसेल तर तसं लिहा, इथं कोणी मार्क देणार नाहीये.

माझ्यापासून सुरुवात करते. एडिसनला राहते, न्यू जर्सीत, सतरा वर्षं झाली. आमच्या घरात कृष्णवर्णीय माणसाला 'कल्लू' म्हणायचे, म्हणजे मीच म्हणायचे, दुकानात शेजारी उभा असला तरी, कारण त्याला कुठं मराठी कळतंय. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा आठवड्याभरात त्यांनाही शिकवला हा शब्द. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसानं नऊ मिनिटं गुडघा ठेवून त्याला मारलं, टीव्हीवर तेच चालू होतं, मी हळहळत होते, आणि लेक (तेव्हा आठवीत) म्हणाली आई तू याला पण कल्लूच म्हणणार ना? मी म्हटलं अगं आपण वाईट अर्थानं नाही म्हणत. ती उठून गेली.

मग वाचायला लागले. १९२३ साली इथल्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद नावाच्या शीख माणसाला तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं. त्याचा युक्तिवाद काय होता तर मी उच्चजातीचा आर्य आहे! पुढे १९४६ पासून इथं स्थायिक व्हायला अख्ख्या भारताला वर्षाला शंभर जणांचा कोटा. आणि आपण ज्या स्थलांतर कायद्याच्या जोरावर आलो तो १९६५ चा, कृष्णवर्णीयांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन जे वातावरण तयार केलं त्यातून झालेला. नवरा प्रत्येक पॉटलकला सांगतो आम्ही मेहनतीनं वर आलो. मेहनत केलीच रे, पण दार कोणी उघडून ठेवलं होतं?

केलं काय, तर शब्द बंद केला, सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं (त्या म्हणाल्या तूच तर शिकवलंस). आणि घर घेताना कोणी कृष्णवर्णीय वस्तीबद्दल 'त्या एरियात नको गं, शाळा खराब आहेत' म्हणालं की शाळेचं नाव विचारते. बहुतेकांना नाव माहीत नसतं. एका मैत्रिणीनं यामुळे बोलावणं बंद केलंय.

कोथरूडकर:
पुण्यात एक जादाचा फ्लॅट आहे, भाड्यानं देतो. एजंट दरवेळी फोनवर म्हणायचा, बॅचलर नको, आफ्रिकन नको, बरोबर ना सर? मी म्हणायचो बरोबर. दहा-बारा वर्षं. कारण कधी विचारलं तर परदेशी भाडेकरू म्हणजे पोलिसांची कटकट असं सांगायचो. २०२२ ला फ्लॅट चार महिने रिकामा पडला तेव्हा सुदानचा एक फार्मसीचा विद्यार्थी आणि त्याची बायको यांना दिला, म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही, हप्ता चालू होता. ती कटकट म्हणजे फॉर्म सी, परदेशी भाडेकरूची नोंद, चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा, चहा गार व्हायच्या आत झाला.

खरी कटकट सोसायटीची. वॉचमन त्याला रोज, स्वतःच्या घरी येताना, वहीत सही करायला लावायचा. चार महिने तो गुपचूप करत होता, मला बोलला पण नाही, मला लिफ्टमध्ये तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मीटिंगमध्ये म्हटलं सगळ्यांनी सही करा, मीही करतो, नाहीतर त्याचीही बंद. फार आवाज झाला, मूळच्या आफ्रिकेतल्या मलिक अंबरपासून जंजिऱ्याच्या सिद्दीपर्यंत सगळं निघालं. अरे ज्या मलिक अंबरनं औरंगाबादचं मूळ शहर वसवलं त्याला यांच्या गेटवर वहीत सही करावी लागली असती. शेवटी वही बंद झाली.

आता जे लिहायला लाज वाटते ते. आधीच्या भाडेकरूपेक्षा मी त्याच्याकडून महिन्याला दोन हजार जास्त घेत होतो. दुसरीकडे मिळणार नाही हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. करार संपल्यावर कमी केले. आधीचे बावीस हजार अजून माझ्याकडेच आहेत.

सोलकढी:
माझं छोटंसं आहे. मार्च २०२०, दुधाची रांग. आमच्या गल्लीतली पार्लरमध्ये काम करणारी मुलगी पुढे उभी होती, मागून कोणीतरी 'ए कोरोना' ओरडलं, मग अजून दोघं-तिघं, ती रांग सोडून गेली. मी गप्प. माझा नंबर एकानं पुढे सरकला. तोपर्यंत मी तिला नेपाळी समजत होते, ती मणिपूरची. दोन वर्षांनी माफी मागायला गेले तर ती हसली आणि म्हणाली, "दीदी, उस दिन दूध नहीं मिला था." बस एवढंच. मी घरून भाषण तयार करून गेले होते.

निमगोरा:
मावशीचं वधूवर सूचक केंद्र आहे, फॉर्म मी टाइप करतो. त्यात 'वर्ण' असा रकाना: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. माझं स्थळ पटकन जमलं, सावळ्या बहिणीला सहा वर्षं लागली, आणि तिचा फॉर्म मीच भरला होता, 'गव्हाळ' लिहून. रकाना मी काढून टाकला. आता लोक समासात पेननं लिहून आणतात.

निळीशाई:
सगळं वाचलं. चांगलं लिहिताय, पण धागा परदेशात आणि परक्यांवर फिरतोय म्हणून बोलतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तिथल्या काळ्यांना गुलामीतून सोडवलं म्हणून. आणि लिहिलं काय, तर माझ्या देशबांधवांनी हा कित्ता आपल्या शूद्र भावांसाठी गिरवावा. १९४६ ला बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेबद्दल वाचून. आम्ही तिकडचं घेऊन इथं वापरलं. तुम्ही इथलं सोडून तिकडचंच बघताय. एडिसनच्या ताईंना विचारतो, तुमच्या मंडळात नवीन माणूस आला की आडनावानंतर पुढचा प्रश्न काय असतो?

धागाकर्ती:
'मूळचे कुठले?' असतो. आणि तेवढ्यानं नाही कळलं तर 'म्हणजे तुमच्यात लग्नात काय पद्धत असते?'

दोन दिवस उत्तर लिहून खोडत होते. २०२३ ला सिएटलनं जातिभेदावर बंदी आणली, मग कॅलिफोर्नियात तसंच विधेयक आलं तेव्हा आमच्या ग्रुपवर त्याच्या विरोधातला अर्ज फिरत होता, हिंदूंची बदनामी वगैरे. मी न वाचता सही केली. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी विधेयकावर नकाराधिकार वापरला तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले, मी अंगठा दाखवला.

काल रात्री त्याच ग्रुपवर लिहिलं, की मी सही केली होती आणि न वाचता केली होती, आज करणार नाही. एकशे बारा जण आहेत. निळ्या खुणा आल्यात, उत्तर एकाचंही नाही.