अनुभव धागा : जुना वाडा, कौलारू घर आणि घरात रांगतं मूल

कृष्णाकाठ
आज शेजारच्या गल्लीत चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, विरवत होते. पिंपातल्या पाण्यात खडे पडल्यावरचा तो खदखद आवाज आणि गरम, ओलसर वास कित्येक वर्षांनी आला. माजघरातल्या भिंतीचे पोपडे आणि त्याखाली रांगणारं पोर, एवढंच डोळ्यांपुढे उभं राहिलं.

पेठांमधले वाडे, वाई-साताऱ्याकडची घरं, कोकणातली आजोळं पुन्हा राहती करायला बरीच तरुण जोडपी निघाली आहेत. हौस आहे, पण माहिती तुकड्यातुकड्यात मिळते. ज्यांनी काम केलंय त्यांनी मापं, प्रमाणं आणि काय फसतं ते लिहा. सुरुवात मी भिंतीपासून करतो.

पांढरीच्या मातीची किंवा चुन्यातली भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि दोन्ही अंगांनी हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते. दोन फुटांवर दिसणारी ओल मग चार फुटांवर दिसायला लागते, मागे खार साचतो आणि गिलावा पोटातून सुटतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा, सुटलेला भाग पोकळ वाजतो. ओलीच्या रेषेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत सगळं सिमेंट काढा, सांधे अर्धा इंच खरवडा आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा. इथेच सगळे घाई करतात.

त्यानंतर चुन्याचा गिलावा. विरवलेला चुना निदान १५ दिवस पाण्याखाली मुरलेला हवा. १ भाग चुना, ३ भाग धुतलेली वाळू. वाळूतला एक भाग कमी करून विटांची सुर्खी (बारीक पूड) घातली तर ओल्या जागी जास्त टिकतो. आदल्या दिवशी भिंत भिजवायची, एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, वर आठवडाभर ओली गोणपाटं. उन्हात उघडा ठेवलात तर केसासारख्या भेगा पडल्याच म्हणून समजा. वरून रंगही चुन्याचाच, पातळ तीन हात. प्लास्टिक रंग दिलात तर वरची सगळी मेहनत वाया.

आजोळ
चुना विरवताना मुलं घरात नकोतच. पाणी उकळतं आणि थेंब लांब उडतात. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. गॉगल, रबरी हातमोजे. डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याखाली सलग १५-२० मिनिटं, मग थेट दवाखाना. मधे तूप-बिप काही घालू नका, हात जोडून सांगते.

ओटीवरून
ओल वर चढण्याचं अर्धं कारण बाहेर असतं. रस्त्यावर डांबराचे थर चढत चढत जोतं बुडालेलं असतं. दोन फुटांचं जोतं आता सहा इंच दिसतंय का ते आधी मोजा. आणि भिंतीला चिकटून काँक्रीट किंवा पेव्हर घालू नका, जमिनीतली वाफ मग भिंतीतूनच निघते. भिंतीलगत फूटभर खडीचा पट्टा, पुढे बाहेरच्या बाजूला उतार, पागोळ्यांचं पाणी पन्हळीत घेऊन लांब सोडणे. खर्च किरकोळ, फरक एका पावसाळ्यात दिसतो.

फ्यूजतार
वायरिंग. लाकडी पट्टीवरची जुनी, कापड-रबराची वायर असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, सगळी काढा. दिव्यांना १.५ चौ. मिमी, १६ अँपच्या प्लगला २.५, गिझर-एसीला ४ आणि त्यांची लाईन थेट बोर्डापासून वेगळी. मातीच्या भिंतीत आडवी खाच मारायची नाही, भिंत तिथेच कमकुवत होते. तुळईच्या कडेने उघडा पाईप न्या, नीट नेला तर वाईट दिसत नाही.

३० मिलिअँपची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. पण जुन्या घरात दोन खोल्यांचे न्यूट्रल (परतीच्या वायरी) एकमेकांत जोडलेले असतात, त्यामुळे ती सारखी पडते आणि कंटाळून कोणीतरी ती काढून टाकतं. काढू नका, न्यूट्रल वेगळे करा. आणि अर्थिंग नवीन घ्या. अर्थिंग नसेल तरी आरसीसीबी पडते, पण माणसाला झटका बसल्यावर पडते. लहान मूल असलेल्या घरात त्या एका क्षणाची वाट का बघायची? टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. प्लग झाकणवाले घ्या.

चिंचेचा_पार
फ्यूजतार, न्यूट्रलचं लिहिलंत ते फार बरं केलंत, हेच कोणी सांगत नाही.
जरा वेगळं विचारते. माजघरातल्या तुळईला झोपाळ्याच्या जुन्या कड्या आहेत, पितळी. पाळणा टांगायचा आहे. चालतील?

रंधा
@चिंचेचा_पार ताई, कडी नंतर, तुळई आधी. कडीच्या भोवती स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पाव इंचही आत शिरलं तर लाकूड खाल्लंय. तुळईची दोन टोकं भिंतीत असतात, कुज तिथूनच सुरू होते, तीही तपासा. मग कडीचा आकडा बघा. वर्षानुवर्षं घासून आतल्या वळणावर बारीक झालेला असतो, मूळ जाडीच्या तीन चतुर्थांशच उरला असेल तर निवृत्त करा. नवीन लावताना स्क्रूचा हूक नको. तुळईतून आरपार बोल्ट, वर मोठी लोखंडी पट्टी, दोन नट.

बाकी लाकूडकामाचं इथेच लिहितो. खिडक्या-दारांवरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला. रांगणारं मूल ती धूळ हाताने तोंडात घालतं. खाली प्लास्टिक अंथरा, पाणी फवारून ओलं खरवडा, भुगा बांधून बाहेर, जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसा. तेवढे दिवस बाळ दुसऱ्या घरी. हीटगनही नको, वाफ होते.

मोकळ्या सागवानाला जवसाचं तेल. पहिला हात निम्मं तेल निम्मं टर्पेंटाइन, पुढचे दोन नुसत्या तेलाचे, प्रत्येक हात पुसून घ्यायचा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळ्या हवेत एकेरी पसरा.

चिंचेचा_पार
बापरे, फडक्यांचं माहीतच नव्हतं. आमचे सुतारकाका पोत्यात भरून जिन्याखाली ठेवतात. आत्ताच फोन करते.

मु_पो_गुहागर
कोकणचं छप्पर. मंगळुरी कौलं १०० चौ. फुटाला साधारण १४०-१५० लागतात. फुटली म्हणून बाजारातून कुठलीही आणू नका, दोन कारखान्यांच्या साच्यांच्या खाचा जुळत नाहीत आणि पाणी नेमकं तिथून येतं. कौलाच्या पोटावरचा शिक्का बघा, पाडलेल्या घरांची तीच कौलं शोधा. पन्नासेक जादा ठेवा, माकडं आहेतच. फक्त तो ढीग घराला लागून नको, विंचू बसतात.

रीपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेऊ नका. दहा कौलं जमिनीवर ओळीत जोडा, पहिल्याच्या कडेपासून दहाव्याच्या त्याच कडेपर्यंत एकदा ताणून मोजा, एकदा दाबून मोजा, सरासरीला नऊने भागा. साधारण साडेबारा इंच येतं.

धूळ, पाली, उंदरांच्या लेंड्या पाळण्यात पडतात म्हणून खाली फळ्यांचं सीलिंग करतात. जरूर करा, पण कौलं आणि फळ्या यांच्या मधे चार इंच तरी हवा खेळू द्या आणि आढ्याजवळची फट बुजवू नका. बुजवलीत तर एप्रिलमध्ये भट्टी आणि जुलैत वाशांना बुरशी. उजेडाला दर खोलीत दोन-तीन काचेची कौलं पुरतात, तीही उत्तरेच्या उतरणीवर.

शनिवार_पेठी
पुण्यात काम काढण्याआधी परवानगी बघा. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित, २०१० च्या कायदादुरुस्तीने हे कायद्यातच घातलंय. शनिवारवाड्याच्या आसपासचे कित्येक वाडे यात येतात. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, आधी अर्ज करावा लागतो. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर त्याची श्रेणी वेगळी बघा. आणि मालमत्ता पत्रकावर भावकीतल्या सगळ्यांची नावं असतात, सह्या गोळा करायलाच वर्ष जातं.

आजोळ
सह्यांचं बोललात आणि पोटात गोळा आला. धीर धरा सगळ्यांनी.

पडवीतली
मुलांच्या दृष्टीने राहिलेलं. फोनवरून लिहितेय, कुकर लावलाय.
भिंतीतला जिना : पायरी ९-१० इंच उंच, पाऊल ठेवायला जेमतेम ८. पायऱ्या बदलता येत नाहीत, पण दोन्ही बाजूंना कठडा देता येतो. एक मोठ्यांचा तीन फुटांवर, एक मुलांचा दोन फुटांवर. वरचं फाटक स्क्रूने पक्कं केलेलं आणि माडीच्या बाजूला उघडणारं. दाबून बसवायचं फाटक वरच्या तोंडाला नको, मुलासकट खाली येतं. जिन्याच्या तोंडावरचं लाकडी झाकण काढून ठेवा, बोटं चिरडतात.
सज्जाच्या गजांत ४ इंचांपेक्षा जास्त फट असेल तर आतून जाळी बांधा. कोरीव खांबांना खिळा न मारता दोरीने.
आडाला १२ मिमी सळ्यांची जाळी, ४ इंचांची फट, कुलूप, खाली डासांची जाळी.
माडीवर बाथरूम काढू नका. कडीपाटावर (लाकडी कड्या-फळ्यांच्या मजल्यावर) आधीच मातीचा थर असतो, त्यात फरशी आणि गळती. मागच्या पडवीत स्वतंत्र भिंतींवर काढा. हजार लिटरची टाकी म्हणजे हजार किलो, तिला वेगळा लोखंडी सांगाडा.

कृष्णाकाठ
पडवीतली ताई, टाकीचं बरं झालं लिहिलंत. वाड्याच्या मधल्या उघड्या चौकावर पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकायचे का, हे व्यक्तिगत निरोपात तिघांनी विचारलंय. गरम हवा चौकातूनच वर जाते. टाकायचंच असेल तर छप्पराच्या वर दीड-दोन फूट उचलून, चारी बाजू उघड्या ठेवून.

चिंचेचा_पार
@रंधा दादा, बघितलं. एक कडी आतून घासून निम्मी झालीय, तुळई मात्र टणक आहे. बोल्ट कितीचा घेऊ?

रंधा
१२ मिमी. लांबी तुळईची उंची अधिक दोन इंच. भोक खालून वर पाडा, आणि वर माडीची फळी असेल तर ती आधी उचला.